सहा चंद्र, अर्धा अंश

भाऊबीजेला आई अंबरनाथला मामांना ओवाळायला जाते आणि तिच्या पिशव्या धरायला बदलापूरहून मी. मामा आयुध कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. इतरांच्या शोकेसमध्ये चषक असतात, मामांच्या शोकेसमध्ये मऊ कापडात गुंडाळलेला मायक्रोमीटर आहे. 'साधारण', 'अंदाजे', 'एवढं-तेवढं' हे शब्द त्या घरात खपत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि आकाशाची हौस असल्यामुळे माझं निम्मं बोलणं याच शब्दांवर चालतं.

यंदा वादाला निमित्त झालं माझ्या फोनवरचं एक चित्र. डोंगरमाथ्यावर पौर्णिमेचा चंद्र, आणि शेजारी त्याच्या सहापट लांब, तिरकी पडलेली देवयानी दीर्घिका. नववीच्या वर्गाला ते मी दाखवलं होतं. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि मामा म्हणाले, "ते चित्र घे आणि गच्चीवर चल." बीजेची कोर केव्हाच मावळली होती. फटाक्यांचा धूर खाली बसत होता आणि वायव्येला, उल्हासनगरच्या अंगाला, आकाश पिवळट झालं होतं.

मामा : हे चित्र खरं की खोटं? एका शब्दात.

मी : माप खरं, उजेड खोटा.

मामा : एका शब्दात म्हटलं होतं.

मी : मग 'खरं'. चंद्र आपल्याला अर्धा अंश रुंद दिसतो. देवयानीची लांबी तीन अंशांहून थोडी जास्त, रुंदी एक अंश. सहा चंद्र लांब, दोन चंद्र रुंद. ती लंबगोल आहे, म्हणून क्षेत्रफळ काढलं तर साधारण बारा चंद्रांएवढं भरतं.

मामा : बारा चंद्रांएवढी वस्तू डोक्यावर आहे आणि मला या वयापर्यंत दिसली नाही? आज तुझ्या आईने मला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. त्या चांदोमामाच्या सहापट कुणी वर असतं, तर आपल्या आज्यांनी त्याला असंच सोडलं असतं का? काका नाही तर आत्या, काही तरी नातं लावलंच असतं.

मी : समोरच्या इमारतीतली ती खिडकी बघा. किती रुंद असेल?

मामा : मीटरभर. आणि ती इमारत इथून अठरा मीटरवर आहे, पाण्याचा पाइप टाकताना मीच मोजलं होतं. सत्तावन्नाला एक म्हणजे एक अंश. अठराला एक म्हणजे... तीन अंश आणि वर थोडं.

मी : झालं की! देवयानी तेवढी लांब आहे. आता हिशेब उलटा करा. ती आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. अठराने भागा.

मामा : एक लाख चाळीस हजारांच्या आसपास.

मी : एवढ्या प्रकाशवर्षांचा तिचा व्यास. ही वस्तू लांब आहे म्हणून लहान दिसते असं नाही, मामा. लांब असूनही ती मोठीच आहे. फक्त फिकट आहे. पौर्णिमेचा चंद्र तिच्यापेक्षा पंचवीस लाखांहून जास्त पटींनी तेजस्वी, आणि तिचा तो एवढासा उजेड बारा चंद्रांएवढ्या जागेवर पातळ फासलेला. चित्र काढणाऱ्याने चंद्र क्षणभरात टिपला आणि देवयानीचा उजेड तासन्‌तास साठवला. दोन वेगळे उजेड एका पानावर आणले, म्हणून उजेड खोटा म्हटलं. पट्टी मात्र दोघांना एकच लावली आहे.

मामांनी फोन हातात घेतला आणि चित्राची कड बोटांनी मोठी करून बघू लागले. मोठी केली तशी ती जास्तच विरघळली.

मामा : हे मला पटत नाही. माप घ्यायचं तर मायक्रोमीटरचे दोन जबडे कुठे तरी टेकायला लागतात. चंद्राला कड आहे, तिथे जबडा टेकतो. हिला कड कुठे आहे? हा उजेड इकडून तिकडे विरत गेलाय. जिथे जबडा टेकत नाही तिथे रीडिंग नसतं. तू 'तीन अंश' म्हणतेस ते कुठून कुठपर्यंत?

मी : अगदी बरोबर विचारलंत. आता मला सांगा, अंबरनाथ कुठे संपतं आणि उल्हासनगर कुठे सुरू होतं?

मामा : कॅम्प पाचकडे जाताना.

मी : कड दिसते?

मामा : घराला घर लागलंय. पालिकेच्या नकाशात रेघ आहे. पण त्या रेघेचं मला सांगू नकोस. १९८३ मध्ये आम्हाला कल्याण महापालिकेत घातलं, १९९२ मध्ये बाहेर काढलं. माझं घर हललं नाही, गाव मात्र दोनदा बदललं.

मी : दीर्घिकेचंही तसंच आहे. घरं विरळ होत जावीत तसे तारे विरळ होत जातात. रेघ माणसाने मारायची. खगोलशास्त्रज्ञांनी ती उजेडाच्या एका ठरावीक पातळीला मारली. अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला. अशा एका चौरस विकलेतून २५व्या प्रतीच्या ताऱ्याएवढा उजेड येतो, तिथे दीर्घिका संपली असं धरायचं. त्या रेघेने देवयानी १९० कला लांब आणि ६० कला रुंद भरते. साठ कलांचा एक अंश.

मामा : ही पंचविसावी प्रत म्हणजे किती उजेड?

मी : पृथ्वीवरच्या सगळ्यात काळ्या जागी, अमावास्येच्या रात्रीही आकाशाला स्वतःचा थोडा उजेड असतो. त्याच्याही साधारण सोळाव्या भागाएवढा.

मामा हसले. टूलरूममध्ये पोरानं चुकीच्या गेजने जॉब तपासला की ते असेच हसत असतील.

मामा : म्हणजे तुमची कड आकाशाच्या उजेडाखाली बुडालेली आहे. डोळ्याला ती कुठेच दिसणार नाही, कितीही अंधारात नेलं तरी. आणि तरी तू मुलांना सांगतेस 'एवढी मोठी दिसते'. 'आहे' म्हण. 'दिसते' कशाला म्हणतेस?

मी : 'आहे' म्हटलं तर आणखी पंचाईत. रेघ आणखी फिकट उजेडाला मारली तर ती आणखी मोठी होते. तिच्याभोवती विरळ वायूचं वलय आहे. हबल दुर्बिणीने त्याच्यापलीकडच्या क्वेसारांचा, म्हणजे फार दूरच्या तेजस्वी दीर्घिका-गाभ्यांचा, उजेड त्या वायूतून येताना कसा गाळला जातो ते तपासलं. २०२० मध्ये निष्कर्ष आला की ते वलय तेरा लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरलंय. डोळ्याला दिसलं असतं तर सप्तर्षींच्या तिप्पट रुंद दिसलं असतं.

मामा : मग सहा चंद्रच का? साठ का नाही? हे बघ, तूच तुझा पाया खणतेयस.

इथे मी अडकले होते. पण मामांच्याच टूलरूमने मला सोडवलं.

मी : मामा, तुमच्या स्लिप गेजवर माप कोरलेलं असायचं. ते माप कधी खरं?

मामा : वीस अंश सेल्सिअसला. जगभर तोच नियम. उन्हाळ्यात लोखंड फुगतं, थंडीत आखडतं. म्हणून मापाबरोबर तापमान लिहायचं.

मी : म्हणजे अट सांगितली नाही तर तुमचंही माप अर्धवट. तेच मी म्हणतेय. देवयानीचं माप खोटं नाही, अटीसह आहे. तुमची अट तापमान, आमची अट अंधार.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. खाली कुणी तरी पाचशेची माळ लावली. ती संपेपर्यंत दोघेही थांबलो.

मामा : ठीक. अट मान्य. पण मग अट सांगायची ना! तू मुलांना सहा चंद्र सांगितलेस, अट सांगितली नाहीस. तुझी आई म्हणत होती, गच्चीवर मुलं आली आणि काही तरी झालं.

झालं होतं ते खरं. नवरात्रानंतरच्या एका रात्री नववीची बारा-तेरा मुलं बदलापूरला माझ्या गच्चीवर आली. शाळेची दुर्बीण मी त्या दिशेला लावली. पहिल्या मुलाने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, काच पुसायची राहिलीय."

मामा : बघ! पोरगं खोटं बोललं नाही. त्याला काचेवरचा डाग दिसला. तू सहा चंद्र सांगितले नसतेस तर तो म्हणाला असता, 'अरे, तिथे काही तरी आहे!' तू त्याचा शोध आधीच खर्च करून टाकलास. दिसेल तेवढंच सांगावं. जास्त दिसलं तर त्याचं त्याला.

मी : पण सांगितलं नसतं तर तो रात्री नऊ वाजता गच्चीवर आलाच नसता. डाग बघायला कोण येतं? मोठेपणाच माणसाला जागचं हलवतो. आणि त्या दिवशी चूक माझ्या दुर्बिणीची होती. तिच्या नळीतून आकाशाचा अंशभरसुद्धा तुकडा दिसत नाही. देवयानी तिच्यात मावतच नाही. मधला गाभा तेवढा दिसतो, कडेचा फिकट भाग बाहेरच राहतो.

मामा : म्हणजे दुर्बीण मोठी तेवढी दीर्घिका लहान?

मी : तुकडा लहान. हबल दुर्बिणीचंही तेच. तिचा डोळा इतका अरुंद की संपूर्ण देवयानी टिपायला सहाशेहून जास्त तुकडे जोडावे लागले. दहा वर्षांहून जास्त काळाचं काम, ते २०२५च्या जानेवारीत पुरं झालं. त्या जोडचित्रात वीस कोटी तारे सुटे दिसतात. आणि पूर्ण देवयानी एका नजरेत बघायची तर लागते साधी हातातली दुर्बीण, पक्षी बघणाऱ्यांची. किंवा नुसते डोळे आणि काळं आकाश. सन ९६४च्या सुमारास अल्-सूफी नावाच्या इराणी ज्योतिर्विदाने तिची नोंद केली, 'लहान ढग' म्हणून. तेव्हा दुर्बीण नव्हतीच.

मामा : लहान ढग. ऐकलंस? सहा चंद्र नाही म्हणाला तो.

मी : पण ढग म्हणाला. डाग नाही म्हणाला.

मामा : आणि दुर्बीण आल्यावर?

मी : १६१२ मध्ये सायमन मारियस या जर्मनाने बघितली. शिंगाच्या पातळ पापुद्र्यामागे मेणबत्ती जळावी तशी दिसते, असं त्याने लिहिलं.

मामा : हा माणूस प्रामाणिक. त्याला आकार सांगता आला नाही, म्हणून उजेडाची जात सांगितली. माझं म्हणणं एवढंच आहे, बाई. दिसण्याचं माप आणि असण्याचं माप वेगळं ठेव. असण्याचं माप पक्कं, दिसण्याचं कच्चं. मुलांना पक्कं दे.

इथे मात्र मला मामांना थांबवावं लागलं. कारण देवयानीच्या बाबतीत नेमकं उलटं घडलंय.

मी : मामा, शंभर वर्षांपूर्वी ती आपल्या आकाशगंगेतलाच वायूचा पुंजका आहे की बाहेरचं वेगळं विश्व, यावर विद्वानांत भांडण होतं. १९२० मध्ये शॅप्ली आणि कर्टिस यांनी वॉशिंग्टनला त्यावर समोरासमोर भाषणं केली. आकाशातला तिचा कोन दोघांनाही तोच दिसत होता. पण ती जवळ असेल तर लहान, लांब असेल तर प्रचंड. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीने एडविन हबलला तिच्यात एक रूपविकारी तारा सापडला. ठरावीक दिवसांनी तेज कमीजास्त होणारा. त्यावरून अंतर निघालं, सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. दीर्घिका परकी ठरली. आणि १९५२ मध्ये वॉल्टर बाडेने दाखवलं की ताऱ्यांची ती पट्टीच चुकलेली आहे, अंतर दुप्पट धरायला हवं. अंतर दुप्पट झालं तर व्यास?

मामा : दुप्पट. कोन तोच असेल तर.

मी : एका घोषणेत ती दुप्पट मोठी झाली. तुमचं 'पक्कं' माप बदललं. माझा कच्चा कोन तसाच राहिला.

मामा : (थोडं थांबून) पट्टी कशी चुकली होती?

मी : तारे दोन जातींचे निघाले, आणि हिशेबात ते एकच धरले होते. बाडेला ते उमगलं त्याला कारण अंधार. तो अमेरिकेत राहणारा जर्मन होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं, त्याला युद्धाच्या कामावर घेतलं नाही, म्हणून माउंट विल्सनवरची तीच दुर्बीण त्याला मनसोक्त मिळाली. आणि हल्ल्याच्या भीतीने डोंगराखालच्या लॉस एंजेलिस शहराने दिवे घालवले. त्या काळ्या रात्रींत त्याने देवयानीच्या गाभ्यातले सुटे तारे पहिल्यांदा टिपले.

मामा : त्याच युद्धात ते समोर छावणी पडली होती. (वायव्येच्या पिवळ्या उजेडाकडे हात करून) कल्याण कॅम्प. लष्कर गेलं, फाळणीनंतर सिंधी माणसं आली, १९४९ मध्ये राजगोपालाचारींनी उल्हासनगर नाव दिलं. बराकीत पडदे लावून संसार केले त्यांनी. आज फर्निचर आहे, जीन्स आहे, रात्रभर दिवे आहेत. तुला तो उजेड नडतो. मला त्यात एक गाव उभं राहिलेलं दिसतं. अंधार हवा म्हणणं सोपं आहे, ज्याच्या गल्लीत दिवा आहे त्याला.

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. आई संध्याकाळी स्टेशनवरून घरी येते तेव्हा रस्त्यावर दिवा असावा असं मलाही वाटतं.

मी : दिवा नको म्हणत नाही मी. तो खाली बघावा एवढंच. वर गेलेला उजेड कुणाच्या पायाखाली पडत नाही. आणि गंमत सांगू? आपल्या अक्षांशावरून देवयानी बरोबर ईशान्येला उगवते आणि वायव्येला मावळते. म्हणजे माझ्या गच्चीवरून बघितलं तर ती बारवी धरणाच्या अंगाने वर येते, नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री नऊला माथ्यापासून थोडी उत्तरेला असते, आणि पहाटे नेमकी उल्हासनगरवर मावळते. पूर्वरात्री ढग असते, उत्तररात्री त्या उजेडात विरघळून जाते. एकाच रात्री तिचे दोन आकार.

मामा : आणि आपल्या इथल्या शिवमंदिरातल्या देवाचं नाव अंबरनाथ. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, आणि वर शिखर अपुरं, आभाळच छप्पर. १०६० सालचा शिलालेख आहे तिथे. त्या शिल्पकारांना तुझा ढग दिसत असेल?

मी : वालधुनी नदीच्या काठी तेव्हा समयांखेरीज काय उजेड होता? आणि आज आपल्याला दिसतो तो देवयानीचा प्रकाश तेव्हाही आपल्याच वाटेवर होता. पंचवीस लाखांतलं हजार वर्षांहून कमी अंतर उरलेलं. म्हणजे तेव्हाच दारात आला होता म्हणा.

मामा काही बोलले नाहीत. खाली गेले आणि हातातली दुर्बीण घेऊन आले. मागच्या वर्षी नातवाने पक्षी बघायला घेतलेली, पट्टा अजून नवा.

मामा : दाखव.

आकाश वाईट होतं. धूर, कंदील, समोरच्या गच्चीवरचा हॅलोजन. तरी माथ्याजवळ भाद्रपदांचा चौकोन ओळखू येत होता. उत्तराभाद्रपदेच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडे खाली दुसरा ठळक तारा, तिथून डावीकडे दोन बारके, दुसऱ्या बारक्याच्या शेजारी. मामांना मी हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी हातानेच गप्प केलं. नजर किंचित बाजूला ठेवा, एवढं तरी म्हटलं.

मामा : (बऱ्याच वेळाने) आहे. काच पुसलेली आहे, मी मघाशीच पुसली.

मी : केवढी?

मामा : या नळीतलं वर्तुळ किती अंशांचं?

मी : सात. त्यावर छापलंय.

मामा : मग हा डाग वर्तुळाच्या चौदाव्या हिश्शाएवढा. म्हणजे अर्धा अंश. चांदोमामाएवढा, जास्त नाही.

मी : आणि वांगणीला? बदलापूरच्या पुढचं स्टेशन. सायनचं खगोल मंडळ कित्येक वर्षं तिथे लोकांना रात्रभर आकाश दाखवत आलंय. तिथे याच दुर्बिणीतून ती डाव्या-उजव्या बाजूला वाढत जाते. डोळा सरावला की वाढतच राहते.

मामा : किती वाढते?

मी : ते तुम्ही मोजायचं.

मामा : सहा चंद्र?

मी : नाही. मघाशीच सांगितलं, सहाची कड डोळ्यासाठी नाही. पण एकही नाही.

आम्ही खाली आलो तेव्हा आईने पिशव्या भरल्या होत्या आणि मामी दहा वाजताच्या लोकलची आठवण करत होत्या. मामांनी शोकेसच्या खालच्या खणातून जुनी वही काढली. त्यात रकाने आखलेले : जॉब, उपकरण, माप, तापमान. एका कोऱ्या पानावर त्यांनी 'तापमान' खोडून 'अंधार' लिहिलं आणि पहिली ओळ भरली : देवयानी, सातअंशी दुर्बीण, अर्धा अंश, अंबरनाथ भाऊबीज.

दुसऱ्या ओळीत उपकरण तेच लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'वांगणी, अमावास्या' असं लिहिलं, आणि मापाचा रकाना कोरा ठेवून वही मिटली.